फाडणीचा दिवस

आमच्या मावरोलिथी गावाच्या सार्वजनिक ऐतिहासिक ग्रंथालयात एकही पुस्तक नव्हतं, आणि गावाला याचाच भयंकर अभिमान होता. मी तिथली ग्रंथपाल. रिकाम्या फळ्या पुसायच्या, शाळांच्या सहली आल्या की त्या रिकाम्या फळ्या दाखवायच्या आणि एखाद्या पोरानं हात लावला की खेकसायचं, एवढंच माझं काम. हात लावून काय बिघडणार होतं ते मला कधी कळलं नाही, पण सरपंचांचा तसा हुकूम होता.

गावात सांगतात ती हकीकत अशी. सेवास्तोस नावाचा आमचा एक व्यापारी परदेशात, त्रिएस्तच्या बंदरात, मेण आणि मनुका विकून गब्बर झाला. त्याला पुस्तकांचं वेड. जिथे मिळतील तिथून त्यानं ती घेतली, खेचरांवर लादून या डोंगरात आणली आणि जिवंत होता तोवर कुणाला बोट लावू दिलं नाही. पाहुणे आले की लांबून दाखवायचा. मरताना मात्र त्याला काय वाटलं कोण जाणे, सगळी गावाच्या नावे करून गेला. त्यांचं काय करायचं हे गावाला कळायच्या आतच तुर्कांविरुद्धचा उठाव सुरू झाला. आमच्याकडे बारुदाच्या चक्क्या होत्या. बारूद होती, शिसं होतं, पण काडतुसं वळायला कागद नव्हता. मग अख्खं गाव चौकातल्या चिनाराखाली मांडी ठोकून बसलं आणि सेवास्तोसची पुस्तकं पानापानानं फाडून त्यांची काडतुसं वळली. ‘आम्ही शत्रूवर ज्ञान झाडलं,’ असं सरपंच दर भाषणात म्हणायचे, आणि दर वेळी थोडं थांबायचे, कारण इथे टाळ्या यायच्या.

पुढे राज्य आपलं झालं आणि सरकारनं या पराक्रमाबद्दल गावाला सार्वजनिक ग्रंथालय दिलं. म्हणजे इमारत दिली, मंडळ दिलं, ग्रंथपालाची जागा दिली. पुस्तकं द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि कुणी मागितलीही नाहीत. उलट दारासमोर संगमरवराची एक भली मोठी पाटी बसवली, आणि कुठल्या घराण्यानं कुठलं पुस्तक फाडलं ते तिच्यावर कोरलं. कापसालिस घराणं, चर्चच्या जुन्या आचार्यांची प्रवचनं, सर्व खंड. अमुक घराणं, भूमिती. तमुक घराणं, समुद्राचे नकाशे. गिकास घराण्याच्या वाट्याला द्राक्षवेलींच्या छाटणीचं एक चिटुकलं पुस्तक आलं होतं, त्यामुळे त्यांच्या मुलींची लग्नं जमायला जरा वेळ लागायचा. सोयरीक करताना समोरचे पहिल्यांदा विचारायचे, तुमचं किती जाड होतं?

मे महिन्यात फाडणीचा दिवस असतो. राजधानीहून कुणी ना कुणी मोठा माणूस येतो, बँड येतो, कोकरं भाजली जातात. मी पाटीवरची नावं मोठ्यानं वाचते. एकेका घराण्यातलं वडीलधारं माणूस पाटीभोवतीच्या कठड्याच्या आत येतं आणि छाती काढून म्हणतं, ‘फाडलं.’ मग ढोल वाजतो. शेवटच्या नावापर्यंत भुका लागलेल्या असतात, त्यामुळे शेवटचे लोक ते फार पटकन म्हणतात.

पाटीवर नसलेलं घराणं एकच होतं, झीसिसचं. झीसिस हा सेवास्तोसचा नोकर. पुस्तकं झटकायची, वाळवीपासून जपायची हे त्याचं काम. आणि नेमका फाडणीच्या दिवशी तो गायब. बऱ्याच दिवसांनी उगवला; कुठे होतास म्हणून विचारलं तर गप्प. गावानं ठरवलं की भेकड कुठल्यातरी बेटावर पळाला होता. तेव्हापासून आमच्याकडे कॉफीचे पैसे द्यायच्या वेळी कुणी सटकलं की ‘झीसिस झाला’ म्हणतात. नवरदेव पळाला तरी झीसिस, पाऊस पडला नाही तरी झीसिस.

या झीसिसच्या वंशातलं शेवटचं माणूस म्हणजे दियामांतो मावशी. ग्रंथालयाच्या समोरच्या गल्लीत, झीसिसच्याच जुन्या घरात राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. शाळेत असताना पोरं तिच्यावर चिनाराची बोंडं फेकायची, आणि ती पोरं आता आजोबा होऊन मंडळावर बसली होती. फाडणीच्या दिवशी ती आमच्या बायका घालतात तसा काळा झगा घालून, डोक्याला रुमाल बांधून कठड्याच्या बाहेर चिनाराला टेकून उभी राहायची. जेवायला थांबायची नाही.

‘मावशी, कशाला येतेस तू इथे?’ मी एकदा वैतागून विचारलं.

‘ऐकायला.’

‘काय ऐकायचंय? तीच नावं, तेच फाडलं फाडलं.’

‘एखाद्या वर्षी चुकून त्याचं नाव वाचशील म्हणून येते,’ ती म्हणाली. ‘मला जेवण नको, ढोल नको. फक्त एकदा त्या कठड्याच्या आतून झीसिस म्हण. शिवी म्हणून नाही, नाव म्हणून. मग मी मरायला मोकळी.’

मी म्हटलं, यादी मंडळाची असते, माझ्या हातात नाही. ती ‘ठाऊक आहे’ म्हणाली आणि गेली. मला त्या दिवशी स्वतःची आणि माझ्या नोकरीची दोन्हींची लाज वाटली.

पुढच्या हिवाळ्यात मावशीचे गुडघे गेले. अंगणापलीकडच्या संडासात जाणं जमेना. तिच्या नवऱ्याच्या मेलबर्नला राहणाऱ्या भाच्यानं तिला घरातच संडास बांधून द्यायचं ठरवलं आणि काम बेसिमला दिलं. बेसिम अल्बानियाहून आलेला गवंडी, कामाला वाघ. एका सकाळी तो डोक्यापासून पायापर्यंत चुन्यानं माखलेला ग्रंथालयात आला.

‘बाई, म्हातारीच्या संडासात पुस्तकं आहेत.’

‘बरं मग? आमच्याकडे लोक संडासात वाचतात. दुसरीकडे वाचत नाहीत.’

‘तसं नाही हो. भिंतीत आहेत. मी भिंत फोडली तर आत दुसरी भिंत. मधे पुस्तकंच पुस्तकं. सांगा, फेकू का ठेवू?’

मी चुलीवर दूध ठेवून आलेल्या बाईसारखी धावले.

मेणकापडात बांधलेले गठ्ठे होते, एकावर एक, जमिनीपासून छतापर्यंत. पहिला सोडला. प्रवचनांचा पहिला खंड. मग दुसरा, मग तिसरा, सगळे कापसालिस घराण्याचे. मग भूमिती, मग नकाशे. पाटी मला तोंडपाठ. मी पुस्तकं उचलत होते आणि डोक्यात ढोल वाजत होता. प्रत्येकावर सेवास्तोसचा मधमाशीचा शिक्का होता, आणि एकाचंही पान फाटलेलं नव्हतं. गिकासांचं वेलींच्या छाटणीचं पुस्तक तर इतकं कोरं करकरीत होतं, की ते फाडायचं सोडा, कुणी उघडलंही नसावं. मला हसू फुटलं, आणि मग मागे पाहिलं तर हसू थांबलं.

दियामांतो मावशी चुन्याच्या बादलीवर पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसली होती.

‘म्हणजे तो पळाला नव्हता,’ ती म्हणाली.

‘नाही मावशी.’

‘इथेच होता. भिंत बांधत होता.’

‘हो.’

‘आणि मग आयुष्यभर तोंड उघडलं नाही.’

‘उघडलं असतं तर गावानं त्यालाच वळून बंदुकीत भरलं असतं.’

ती रडली. तोंडावर रुमाल न घेता, मोठ्यानं रडली. बेसिम बिचारा हातोडा हातात घेऊन उगाच खिडकीबाहेर बघत राहिला. मीही रडले. एका माणसानं चांगलं काम केलं म्हणून त्याच्या पोराबाळांनी पिढ्यान्‌पिढ्या शिव्या खाल्ल्या, याचा मला इतका राग आला की मी तशीच उठले आणि सरळ सरपंचांकडे गेले. शहाणी असते तर आधी वर्तमानपत्राकडे गेले असते.

मंडळाची बैठक दुसऱ्याच दिवशी भरली, अर्थात ग्रंथालयातच, रिकाम्या फळ्यांखाली. सरपंच लाझारोस कापसालिस मधे. उजवीकडे पाद्रीबाबा पापा-फोतिस. डावीकडे निवृत्त पोलीस गिकास, ज्याला सगळं गाव बार्बा, म्हणजे काका, म्हणतं. कोपऱ्यात खुर्चीवर दियामांतो मावशी. ग्रंथालयाच्या आत बसण्याची तिची ती पहिलीच वेळ. टेबलावर मी पुरावा म्हणून प्रवचनांचा एक खंड ठेवला होता. सरपंच त्याच्याकडे असे बघत होते, जसं काही त्यांच्या मेलेल्या आजोबांनी उसने पैसे मागायला दार वाजवलं होतं.

‘मला एक समजत नाही,’ बार्बा गिकास म्हणाला. ‘हे सगळं इथं आहे, तर मग आपण झाडलं काय?’

‘काहीतरी झाडलंच असणार,’ पापा-फोतिस म्हणाले. ‘तुर्क गेले ना?’

‘सेवास्तोस व्यापारी होता,’ सरपंच म्हणाले. ‘व्यापारी माणूस एक नग कधी घेत नाही. त्यानं प्रत्येक पुस्तक दोनदा घेतलं असणार. एक आपण फाडलं. हे दुसरं.’

‘आणि दुसरं झीसिसनं चोरलं,’ बार्बा गिकास खुलला.

‘बार्बा, तुमची पत्नी तुमच्या तोंडाला कुलूप का लावत नाही?’ मी म्हटलं.

‘पोलिक्सेनी, तू पगारी आहेस,’ सरपंच मला म्हणाले. ‘मंडळ बोलत असताना पगारी माणसानं बोलू नये. आता नीट विचार करा. मे जवळ आला. यंदा खुद्द सांस्कृतिक मंत्री येणार. मी कठड्याच्या आत जाऊन काय म्हणू? फाडलं नाही, संडासात सापडलं, असं म्हणू?’

‘सत्य तेच म्हणावं,’ पापा-फोतिस म्हणाले, आणि सगळे त्यांच्याकडे बघायला लागल्यावर त्यांनी दाढी खाजवली. ‘अर्थात, योग्य वेळी.’

यावर बार्बा गिकासनं अशी सूचना केली, जी दुसऱ्या कुठल्याही गावातल्या माणसाला सुचणार नाही. ‘आता फाडू या,’ तो म्हणाला. ‘ज्याचं त्यानं. घराण्याला एकेक वाटून द्या, घरी बसून फाडतील. म्हणजे पाटी खरी होईल. उशिरा झालं एवढंच.’

मंडळ यावर गंभीरपणे विचार करत होतं. मी खंड टेबलावरून उचलून मांडीवर घेतला.

‘मी एक बोलू का?’ कोपऱ्यातून दियामांतो मावशी म्हणाली. ‘माझ्याकडून तुम्हाला काही त्रास नाही. पाटी असू दे. मंत्री येऊ दे. मला फक्त झीसिसचं नाव वाचून हवंय.’

सरपंचांच्या चेहऱ्यावर रंग आला. असला सौदा त्यांना चांगला कळायचा. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि आवाजात मध ओतला. ‘मावशी, तू हे आधीच का नाही बोललीस? वाचू की. कोरूसुद्धा. झीसिस, आणि त्यानं फाडलं अमुक अमुक. कोणतं हवं ते सांग. एखादं जाडही चालेल. त्या बदल्यात बेसिम ती भिंत परत चिणून टाकेल. वर छान निळ्या फरशा लावून देऊ, गावाच्या खर्चानं.’

‘म्हणजे त्यानंही फाडलं म्हणायचं?’

‘सगळ्यांनी म्हणायचं तेच त्यानं म्हणायचं. वेगळं काय?’

मला वाटलं, आता थुंकेल त्याच्या तोंडावर. पण तिनं मान डोलावली आणि म्हणाली, ‘चालेल. वाचा.’

मी तिला गल्लीत गाठलं. मी चिडले होते. ‘मावशी, ज्या माणसानं एक पान फाटू दिलं नाही, त्याला तू फाडणाऱ्यांत बसवणार?’

‘तुला काय होतंय बोलायला?’ ती भडकली. ‘तुझ्या घराण्याचं नाव आहे पाटीवर. तुला कुणी झीसेना, झीसिसची पोर, म्हणून हाक नाही मारली. मला खरंखोटं कळतं गं. पण मी थकले. खोटं का होईना, एकदा आत घ्या म्हणते.’ मी तिला घरापर्यंत हात धरून पोचवलं.

फाडणीचा दिवस आला. मंत्री आले, बँड आला, कोकरांचा वास सगळ्या चौकात पसरला. भिंत अजून चिणायची राहिली होती, कारण बेसिमनं पाठ धरल्याचं कारण सांगितलं होतं. पुढे कळलं की तो माझ्यासारखाच चिडला होता आणि त्याची पाठ ठणठणीत होती. मी यादी वाचायला घेतली. कापसालिस. फाडलं. ढोल. भूमिती, नकाशे, व्याकरण, फाडलं, फाडलं, फाडलं. गिकास. फाडलं. आणि मग यादीच्या तळाला, सरपंचांच्या हातचं नवीन अक्षर.

‘झीसिस,’ मी वाचलं.

चौकात खसखस पिकली. सवयीनं लोकांना वाटलं, कुणीतरी बिल न देता पळालं. दियामांतो मावशी चिनारापासून निघाली आणि काठी टेकत कठड्याच्या आत आली. ध्वनिक्षेपक तिच्यापेक्षा उंच होता. मी तो खाली वाकवून धरला. तिचा श्वास सगळ्या गावाला ऐकू येत होता. सरपंच तिच्याकडे बघून ओठांनी ‘फा, फा’ करत होते, जसं आपण बाळाला बोलायला शिकवतो.

तिनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

‘नाही फाडलं,’ ती म्हणाली. ‘लपवली. सगळ्यांची लपवली. माझ्या संडासात आहेत. ज्याला बघायची त्यानं चला.’

ढोलवाला यादीप्रमाणे चालणारा माणूस. त्यानं ढोल वाजवला.

मंत्री म्हणजे फार वाईट माणूस नव्हता, आणि जेवायला अजून वेळ होता. ‘चला, बघू,’ तो म्हणाला. मग मंत्री, त्याच्यामागे सरपंच, त्याच्यामागे पाद्रीबाबा, मग छायाचित्रकार, मग बँड, मग अख्खं मावरोलिथी, असे सगळे एका म्हातारीच्या अर्धवट बांधलेल्या संडासाकडे निघाले. जागा एकाच माणसापुरती असल्यामुळे रांग लावावी लागली. बार्बा गिकास आत फार वेळ होता. बाहेर आला तेव्हा त्यानं टोपी काढली होती, पण ती कुणासाठी काढली हे त्यानं सांगितलं नाही. लाझारोस कापसालिसांना मात्र मंत्र्यानं खांद्यावर हात टाकून विचारलं, ‘तर सरपंच, तुमच्या पूर्वजांनी ही पुस्तकं वाचवली म्हणायची. तुम्ही इतकी वर्षं हे सांगितलं का नाही?’ आणि सरपंचांनी क्षणभरच डोळे मिचकावले. ‘आम्ही साधी माणसं, साहेब,’ ते म्हणाले. ‘बढाई मारायची आमच्याकडे पद्धत नाही.’

मला तिथेच कळायला हवं होतं.

वेलींना पालवी फुटते त्याहून लवकर गावाला नवा इतिहास फुटला. द्राक्षं उतरेपर्यंत प्रत्येक घराण्याला आठवलं होतं, की आपला पूर्वजही भिंत बांधायला होता. कुणी दगड आणले होते, कुणी चुना कालवला होता, कुणी तुर्कांना गप्पांत गुंतवून ठेवलं होतं. कापसालिस घराण्याला तर असं सापडलं, की घर जरी झीसिसचं असलं तरी जमीन मुळात त्यांची होती. फाडणीची कथा कुणी काढली तर लोक हसायला लागले: ‘पुस्तकं फाडायला आपण काय रानटी आहोत?’ हे बार्बा गिकास म्हणाला. मला.

जुनी पाटी काढली, नवी बसवली. पुस्तकं ग्रंथालयात आली. मी खुळी, आठवडाभर फळ्या घासत होते. पण पुस्तकं फळ्यांवर लागलीच नाहीत. मंडळानं ठराव केला, की हा अनमोल ठेवा आहे, उघड्यावर ठेवणं बेजबाबदारपणाचं होईल. राजधानीहून लोखंडी कपाटं आली, काच नसलेली. पुस्तकं आत गेली. किल्ली एकच, ती सरपंचांच्या घड्याळाच्या साखळीला. माझं काम म्हणजे कपाटं पुसायची, सहली आल्या की कपाटं दाखवायची आणि पोरांनी हात लावला की खेकसायचं. दियामांतो मावशी एकदा दुपारी आली, कपाटावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, ‘माझ्या संडासात होती तेव्हा निदान उघडून बघता यायची.’

परत मे आला. या वेळी मंत्री दुसरा होता. आमच्याकडे ते हंगामी फळांसारखे बदलतात. मी यादी घेतली आणि आधी शेवटची ओळ बघितली. झीसिसचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘आणि इतर.’

‘हे काय?’ मी सरपंचांना विचारलं.

‘दगड संपला,’ ते म्हणाले. ‘सगळी घराणी वाढली ना. शिवाय कोरणारा महाग आहे. पुढच्या दगडावर बघू. तू वाच.’

मी वाचलं, कारण मी पगारी. कापसालिस. ‘लपवलं.’ ढोल. भूमिती, ‘लपवलं,’ नकाशे, ‘लपवलं,’ गिकास, ‘लपवलं.’ आवाज अगदी तेच होते, छात्या त्याच. कोकरांचा वासही तोच. शेवटी मी वाचलं, ‘आणि इतर,’ आणि गप्प झाले, कारण याला पुढे कोण येणार हे यादीत लिहिलेलं नव्हतं. ढोलवाल्यानं काठी उचलून माझ्याकडे बघितलं.

‘इतर म्हणजे मी,’ कठड्याच्या बाहेरून आवाज आला.

दियामांतो मावशी आत आली. या वेळी ध्वनिक्षेपक मी तिच्या उंचीला आधीच वाकवला. गावाची चुळबूळ थांबली. सरपंच झटकन पुढे सरसावले. मागच्या वर्षी ही बाई त्यांना काय करू शकते ते त्यांनी बघितलं होतं.

‘मावशी, चूक झाली,’ ते म्हणाले, आणि ध्वनिक्षेपक चालू असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. ‘नवीन दगड मागवतो. पहिल्याच ओळीत घालतो झीसिसला. माझ्याही वर घालतो. शब्द देतो, साहेबांच्या देखत.’

‘नाव राहू दे, लाझारोस,’ ती म्हणाली. ‘नाव मी गेल्या वर्षी ऐकलं. पोट भरलं माझं. तू किल्ली दे.’

‘कसली किल्ली?’

‘कपाटांची. झीसिसनं पुस्तकं लपवली ती उद्या कुणाला तरी मिळावीत म्हणून. तू लपवलीस ती कशासाठी?’

‘सुरक्षित राहावीत म्हणून, मावशी.’

‘कुणापासून? तुर्क तर गेले.’

मंत्री हसला. तो हसला म्हणून छायाचित्रकार हसला, आणि मग चौकात कुठेतरी मागे आणखी कुणी हसलं. सरपंचांचा हात घड्याळाच्या साखळीकडे गेला आणि तिथेच राहिला. म्हातारी हात पसरून उभी होती. ती तो खाली घेत नव्हती. कोकरं करपायला लागली होती, लोक भुकेजले होते. मला वाटतं, शेवटी जे झालं ते भुकेनं झालं. न्यायाचं कौतुक मी त्यात करणार नाही. कुणीतरी ओरडलं, ‘दे की रे बाबा, जेवू दे.’ लाझारोस कापसालिसांनी साखळीवरून किल्ली सोडवली. सोडवताना नख लागलं आणि बोटातून रक्त आलं.

तिनं किल्ली झग्याच्या खिशात टाकली आणि त्या दिवशी ती जेवायला थांबली. दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासमोर सगळी कपाटं सताड उघडली आणि खुर्ची दाराशी ओढून बसली. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मी म्हटलं, मावशी, गावाला पुस्तकं नकोच आहेत गं, पाटीच हवी होती. ती म्हणाली, असेल. आणि बसून राहिली. मला तिची इतकी दया आली, की मी स्वतःच एखादं पुस्तक मागायला निघाले होते.

तेवढ्यात बार्बा गिकास आला. तिच्याकडे न बघता त्यानं वेलींच्या छाटणीचं पुस्तक मागितलं. नाकावर चष्मा चढवला, बोट ठेवून एकेक शब्द जुळवत एक पान वाचलं, मग तेच परत वाचलं, आणि त्याची मान लाल झाली.

‘हे चूक आहे,’ तो म्हणाला. ‘साफ चूक. हा माणूस म्हणतो, थंडी पडायच्या आधी छाटा. आधी छाटली तर वेल मरेल.’

‘कशावरून मरेल?’ दियामांतो मावशी म्हणाली. ‘तुझा बाप उशिरा छाटायचा आणि तुमची द्राक्षं सगळ्या गावात आंबट असायची.’

‘आंबट? आमची?’

‘पोरं तोंडात घालून थुंकायची. मीही थुंकलेय.’

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. पुस्तक दोघांच्या मधे ठेवलं, पुढचं पान उलटलं आणि म्हणाला, ‘वाच, पुढं काय म्हणतो बघू हा गाढव.’ तिनं वाचायला घेतलं. भांडण इतकं चढलं की चौकातली माणसं काय झालं ते बघायला आत येऊ लागली, आणि आत आलेल्यांना बसायला माझ्याकडे खुर्च्या पुरेनात.